धंद्यासाठी इंटरनेट : तारेचे की बिनतारी?

पदवी घेऊन एखाद्या कारखान्यात रुजू झालेल्या मुलावर ‘तू शिकलेला आहेस, इंटरनेटचे तूच बघ’ ही जबाबदारी हमखास येऊन पडते. विकणारा त्याला फक्त वेग सांगतो. माझ्या मते वेग शेवटी विचारावा. आधी विचारावे ते हे, की जोडणी बंद पडली तर आपले काय अडते, आणि आपल्याकडून माहिती बाहेर किती जाते?

डीएसएल ही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची जोडणी. आपले बोलणे त्या तारेवर सुमारे ४ किलोहर्ट्‌झपर्यंतचीच जागा व्यापते. त्यावरची, १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतची रिकामी जागा एडीएसएलने माहितीसाठी वापरली. युक्ती नामी, पण कंपने जितकी जलद, तितकी ती तारेत लवकर क्षीण होतात. त्यामुळे टेलिफोन केंद्राशेजारी उत्तम वेग, आणि चार-पाच किलोमीटरांवर जेमतेम. शिवाय येण्याचा रस्ता रुंद, जाण्याचा अरुंद : मूळ एडीएसएलवर ८ मेगाबिटपर्यंत आत, तर बाहेर १ मेगाबिटच्या आसपास. घरी चित्रपट पाहणाऱ्याची यात काही तक्रार नसते. पण आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याला १०० मेगाबाइटचे ड्रॉइंग गिऱ्हाइकाला धाडायचे असेल तर? एका बाइटात ८ बिट, म्हणजे एकूण ८०० मेगाबिट. तेरा मिनिटांहून अधिक वेळ! १० मेगाबिटच्या लीज्ड लाइनवर तेच काम ८० सेकंदांचे.

आता पुष्कळ ठिकाणी तांब्याच्या जागी काचतंतू आले आणि अंतराचे दुखणे संपले. वाटणी मात्र उरली आहे. साध्या जोडणीत एक तंतू ३२ किंवा ६४ ग्राहकांत विभागलेला असू शकतो. सगळे एकदम बसले की वेग उतरतो.

लीज्ड लाइनचा वेग दोन्ही दिशांना सारखा, आणि तो आपल्यासाठीच राखलेला. किंमत कितीतरी पट. पण ती खरी मोजायची असते कराराची. करारात ९९.५ टक्के हमी वाचून हुरळून जाऊ नये. वर्षाचे तास ८,७६०. उरलेला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. ९९.९ टक्क्यांना पावणेनऊ. भरपाईचे कलमही वाचावे. बहुधा बिलात सूट मिळते, बुडालेली ऑर्डर कोणी भरून देत नाही. चार माणसांच्या कचेरीला हा खर्च मला उधळपट्टीच वाटतो.

बिनतारी जोडणीला खणकाम नको, म्हणून ती लवकर उभी राहते. दोन अँटेनांमध्ये सरळ, मोकळी दृष्टिरेषा मात्र हवी. मधे नवी इमारत उठली की खेळ संपला. ५ गिगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांची गर्दी असते. १० गिगाहर्ट्‌झच्या वर गेलो तर पावसाचे थेंबच लहरी शोषतात आणि विखुरतात.

तरीही पर्यायी जोडणी म्हणून मला बिनतारीच पसंत आहे. दोन कंपन्यांच्या दोन तारा घेऊन निश्चिंत झालेल्यांना त्या एकाच चरातून आल्याचे जेसीबीचा दात लागल्यावर कळते. हवेतून येणाऱ्या जोडणीला ती भीती नाही. फक्त आमच्याकडे तिची परीक्षा एप्रिलच्या कोरड्या हवेत उरकून पूर्ण पैसे देऊ नयेत. जुलैची एक झड जाऊ द्यावी.