कोरकू कॅसेटमधील आवाज मेमरी कार्डवर कसे न्यावेत?



मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत काम करताना घरोघरी जुन्या कॅसेटी आढळतात. कोणाच्या पत्र्याच्या पेटीत, तर कोणाच्या आढ्याला टांगलेल्या पिशवीत. त्यांत लग्नाची व होळीची कोरकू गाणी आहेत, मुलांची भजने आहेत, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. गाणारे बरेच जण आज हयात नाहीत. त्यांचा आवाज त्या फितीवरच काय तो उरला आहे आणि ती फीत वाजवणारा टेपरेकॉर्डर गावात शोधूनही सापडत नाही. म्हणून या अंकात या कामाची पद्धत सांगत आहे.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी किंवा हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही. तिचे सगेसोयरे पूर्वेकडे, झारखंडातील मुंडारी व संथाली या भाषा. कोरकूत छापलेले साहित्य थोडे, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे मोल अधिक. ब्रिटिश काळात ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या होत्या. त्या आज ऐकता येतात, कारण कोणीतरी त्या वेळेत नव्या माध्यमावर उतरवल्या. आपल्या कॅसेटींचे काम आपल्यालाच करायचे आहे.

आधी पाहणी. कॅसेट हाती येताच वाजवू नये. पांढरी बुरशी दिसली तर ती वेगळी ठेवावी. तशीच वाजवली तर यंत्र खराब होते व पुढची कॅसेटही बिघडते. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून हलकेच ताणून घ्यावी. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या तोडाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. 90 मिनिटांच्या कॅसेटची फीत 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते. ती वारंवार मागेपुढे करू नये.

मग यंत्र. टेपरेकॉर्डरचे हेड आणि रबरी चाक यांवर जुन्या फितींची तपकिरी पूड बसते व आवाज दबका येतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसावे. रबरी चाकाला ओलसर कापड पुरते. दर चार-पाच कॅसेटींनंतर ही सफाई करावी.

जोडणी. स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्डिंग करू नये. त्यात पंखा, कोंबडा, मोटारसायकल सारे शिरते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या छिद्रातून वायर काढून ती यूएसबीच्या छोट्या साउंड कार्डमधून लॅपटॉपला जोडावी. साउंड कार्डला लाइन-इन असेल असे पाहावे. माइकच्या छिद्रात जोडल्यास आवाज अनेकदा फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. आवाजाची पट्टी लाल खुणेला टेकू देऊ नये. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच, घाई चालत नाही. तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसून ऐकत राहावे.

दोन प्रती. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी. तिला तासाला सुमारे 600 एमबी जागा लागते. खरखर कमी करणे, काटछाट करणे हे तिच्यावर करू नये. ते दुसऱ्या प्रतीवर करावे. मूळ प्रत दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गावी ठेवावी. गावासाठी एमपी3 प्रत करावी. 64 केबीपीएसने ती तासाला 30 एमबीच्या आत बसते; 8 जीबीच्या एका कार्डात दोनशेहून अधिक तास मावतात. सौर पट्टीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरवर नावे दिसत नाहीत, म्हणून फाइलींना 01, 02 असे क्रमांक द्यावेत आणि त्याच क्रमाने त्या कार्डात भराव्यात. सोबत क्रमांकांचा कागद द्यावा.

इथवरचे काम कोणताही होतकरू तरुण आठवड्यात शिकतो. अवघड काम पुढे आहे. कॅसेटवर पुष्कळदा फक्त ‘गाणी’ एवढेच लिहिलेले असते. गाणारी कोण, कोणत्या ढाण्याची, प्रसंग कोणता, हे फीत सांगत नाही. ते सांगू शकतात गावातील वृद्ध, आणि त्यांचे दिवस फितीपेक्षाही थोडे उरलेले असू शकतात. म्हणून आम्ही क्रम बदलला आहे. पूर्वी सर्व कॅसेटी उतरवून झाल्यावर माहिती गोळा करायची असे ठरले होते. आता पहिली प्रत तयार होताच ती घेऊन आम्ही ढाण्यावर जातो. आजी-आजोबा ऐकतात, नाव सांगतात, शब्दांचा अर्थ सांगतात. तेही बोलणे आम्ही त्यांच्या संमतीने रेकॉर्ड करतो.

संमतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हा आवाज गाणाऱ्याचा, त्याच्या कुटुंबाचा व गावाचा आहे. आपण केवळ राखणदार. काही गाणी विशिष्ट विधीपुरतीच असतात. ती सर्वांना ऐकवावीत की नाही, हे गावाने ठरवावे. मृत व्यक्तीचा आवाज इंटरनेटवर टाकण्यापूर्वी तिच्या घरच्यांना विचारावे आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर तो विषय तिथेच संपवावा. प्रत मात्र त्या घरी आधी पोहोचली पाहिजे.

वाचकांना विनंती अशी: आपल्याकडे किंवा आपल्या मंडळीच्या कपाटात आदिवासी भाषांतील कॅसेटी असतील तर त्या टाकून देऊ नका. ऊन, ओल आणि स्पीकरचे चुंबक यांपासून दूर, उभ्या ठेवा. चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर असेल तर कळवा. आम्हाला तो पैशांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. आणि कॅसेटवरचा आवाज ओळखणारे कोणी घरात असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून नाव लिहून घ्या. यंत्र मागाहून मिळेल.