काचेची बोडी

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्याचे पहिले भरवशाचे पाणी तलावांत साठले, की मच्छिमार संस्थांची जी धावपळ सुरू होते, तिच्या मुळाशी एक विलक्षण विसंगती आहे. ज्या रोहू, कटला आणि मृगळ माशांवर संस्थेच्या वर्षभराच्या जमाखर्चाची सारी मदार, ते मासे त्या तलावात वाढतात, पुष्ट होतात, बाजारात मान मिळवितात. पण संसार मात्र तेथे थाटीत नाहीत. त्यांना हवे असते पुराचे वाहते पाणी. साचलेल्या पाण्यात त्यांची अंडी पोटातच राहतात. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मस्तकातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीजाची अडचण पुष्कळशी दूर झाली. तरी प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ते बीज दरसाल विकत आणून सोडावे लागते, ते लागतेच. आणि त्याच तलावाच्या काठाला, गवताच्या आडोशाने, मरळ माशाची जोडी कोणाच्या पिशवीची वाट न पाहता आपल्या पिलांच्या थव्याभोवती पहारा देत फिरत असते.

घरात काचेचे लहानसे मत्स्यालय मांडू पाहणाऱ्या गृहस्थाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ही तलावाची गोष्ट क्षणभर ध्यानात घ्यावी. कारण त्याच्यापुढचा प्रश्न हाच आहे: आपल्याला दरसाल पिशवीतून आणावा लागणारा मासा पाहिजे, की आपल्या पाण्यात आपला वंश चालविणारा? आमच्या भागात तलावाहून लहान जलाशयाला बोडी म्हणतात. घरातले मत्स्यालय ही काचेची बोडीच होय, आणि बोडीला लागू पडणारा प्रत्येक नियम तिलाही लागू पडतो.

प्रस्तुत लेखकाने प्रथम जी चूक केली, ती बहुतेक सर्व नवशिके करतात. एका गोल काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणून ठेवले, आणि मुले ते पाहून हरखली. परंतु सोनेरी मासा हा मूळचा थंड हवेचा, वीतभर वाढणारा आणि पाणी भराभर घाण करणारा प्राणी असून त्याला प्रजननासाठी ऐसपैस टाकी लागते. गोल भांड्यात तर त्याला धड श्वासही पुरत नाही. एप्रिल उलटण्याच्या आत ते भांडे रिकामे झाले. दोष माशांचा नव्हता. निवड करणाराचा होता.

तेव्हा आधी भांड्याचा आणि पाण्याचा बंदोबस्त पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी चौकोनी पेटी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरावे. नवशिक्याला एवढे पुरे, आणि याहून फार कमी नको. कारण पाणी जितके थोडके, तितके ते लवकर तापते आणि लवकर नासते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि या दोन्ही जिवाणूंची वस्ती वाळूत व गाळणीत बसायला तीन ते सहा आठवड्यांची मुदत लागते. ही मुदत न पाळता पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडणारा मनुष्य आठवड्याच्या आत दुकानदाराला दोष देऊ लागतो. प्रारंभी दोन-चारच मासे ठेवावे, चिमूटभरच खाणे घालावे, आणि पुढेही आठवड्याला सारे पाणी न उपसता त्याचा चौथा हिस्सा तेवढा बदलावा.

आमच्या जिल्ह्याचे हवामान हा या कारभारातील स्वतंत्र तपशील आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि हिवाळ्यातल्या काही रात्री विदर्भात सर्वांत गार म्हणून गोंदियाचेच नाव ऐकू येते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर, घरातील सर्वांत थंड भिंतीशी असावी, उन्हाळ्यात मासे नेहमीहून कमी असावे, आणि थंडीत पाणी बाविसाच्या खाली जाऊ नये इतपत हीटरची तजवीज असावी.

आणि मासे आणण्यापूर्वी वनस्पती आणाव्या. हा धडा आम्हांला पुस्तकापेक्षा तलावांनीच अधिक स्पष्टपणे शिकविला आहे. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारांच्या वहिवाटीतले आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झालेले जे तलाव आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या आपुलकीच्या नावाने ओळखले जातात, त्यांपैकी कित्येकांतून देशी मासे हळूहळू नाहीसे झाले. तेव्हा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर समाजाच्या स्त्रियांनी काय केले? बाहेरून मासे आणून ओतले नाहीत. त्यांनी तलावात माजलेले बेशरम हे तण उपटले आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या पाणवनस्पती हाताने लावल्या. अंडी चिकटवायला पान, पिलांना दडायला झुडूप आणि चरायला सूक्ष्म जीव एवढे मिळाले, की मासा आपला संसार आपण मांडतो, हे त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणत होत्या. घरच्या पेटीतही एका कोपऱ्यात हायड्रिलाची दाट जुडी असू द्यावी. मात्र ती तलावातून आणली असल्यास चांगली धुऊन, निवडून आणि काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून मगच आत घालावी, एरवी तिच्याबरोबर गोगलगाई आणि चतुरांच्या मांसाहारी अळ्याही येतात.

आता निवडीकडे वळू. सहज वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांचे, आईबापांच्या स्वभावावरून, तीन वर्ग पाडता येतात: जिवंत पिले देऊन मोकळे होणारे, अंडी टाकून विसरणारे, आणि घरटे बांधून राखण करणारे. शिकणाराने याच क्रमाने पुढे जावे.

पहिल्या वर्गाचा अग्रणी गप्पी. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आरोग्य खात्याचे वाक्य भिंतींवर वाचीतच आमच्याकडील मुले लहानाची मोठी होतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. त्याचे नाव पाहून तो गप्पिष्ट असावा असे वाटते खरे, परंतु ते नाव रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या त्रिनिदादच्या निसर्गाभ्यासकाचे आहे. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून १८६६ साली ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट ग्युंथर यांनी या माशाला त्यांचे नाव दिले. पुढे असे निष्पन्न झाले, की पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ सालीच त्याचे वर्णन केले होते. तेव्हा शास्त्राच्या दफ्तरातून गप्पींचे नाव खारीज झाले, पण लोकांच्या तोंडी ते कायम राहिले.

नर इवलासा आणि रंगीत शेपटीचा, मादी मोठी आणि करडी. हा भेद एकदा पाहिला की पुन्हा सांगावा लागत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्या, नाहीतर नराच्या पाठलागाने एकटी मादी थकून जाते. दर चार आठवड्यांच्या सुमारास तिचे पोट चौकोनी दिसू लागते, शेपटीकडील काळसर डाग गडद होतो, आणि ती कळपापासून दूर राहते. मग एखाद्या पहाटे पाहावे: एकेक पिलू गुंडाळी केल्यासारखे बाहेर पडते, क्षणभर तळाकडे घसरते, ताठ होते, आणि जन्मल्या क्षणापासून जणू आईची ओळख पटल्याप्रमाणे थेट हायड्रिलाच्या जुडीत शिरते. त्याची ही घाई योग्यच आहे. कारण पोटातून बाहेर पडलेले पिलू आणि वरून पडलेले खाणे यांत गप्पीची माता फारसा भेद करीत नाही. एका वेळी वीस ते पन्नास पिले होतात. शिवाय एकदाच्या समागमाचे वीर्य मादी पोटात साठवून कित्येक महिने पिले देऊ शकते. प्लॅटी, मॉली आणि तलवारशेपट्या हे मध्य अमेरिकेकडील मासे याच कुळाचे असून, विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याला ते कंटाळत नाहीत. त्यांत प्लॅटी सर्वांत शांत. मॉलीला जरा मोठी पेटी लागते.

दुसऱ्या वर्गात आम्ही झेब्रा माशाची शिफारस करू. अंगावर निळ्या, उभ्या नव्हे, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ गेलेल्या पट्ट्या मिरविणारा हा चपळ मासा आपल्याच देशातील ओढ्यांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी निवडले, आणि १९८१ सालच्या त्यांच्या निबंधानंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन पोहोचला. या मानाचे कारण त्याच्या अंड्यात आहे: ते पारदर्शक असते. घरीही हे पाहता येते. एका वेगळ्या भांड्यात चार बोटे पाणी घ्यावे, तळाशी मुलांच्या काचेच्या गोट्या दोन थरांत पसराव्या, आणि संध्याकाळी एक फुगलेली मादी व दोन नर त्यात सोडावे. उजाडता उजाडता पाठलाग सुरू होतो. मोहरीहून बारीक अंडी खाली पडतात आणि गोट्यांच्या फटींत, आईबापांचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी, सुरक्षित होतात. दुपारपूर्वी मोठे मासे काढून घ्यावे. दुसऱ्या दिवशी एखादे अंडे पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाखाली धरले, की आतले हृदय धडधडताना दिसते. शाळकरी मुलाला जीवशास्त्राचा याहून स्वस्त आणि याहून प्रभावी पाठ कोणता द्यावा? दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात.

तिसरा वर्ग घरटे बांधणारांचा. त्यांत हनी गौरामी ही ईशान्य भारत आणि बांगलादेशाकडील लहान, मधाच्या रंगाची जात शांत स्वभावाची आहे. या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे एक इंद्रिय असते, म्हणून वीज गेलेल्या दुपारी ते गप्पींइतके कासावीस होत नाहीत. नर पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे रचतो, मादीची अंडी त्यात नेऊन ठेवतो, खाली घसरलेले अंडे पुन्हा तोंडाने उचलून जागेवर बसवितो, आणि नंतर मादीलाही जवळ फिरकू देत नाही. तेव्हा तिला बाहेर काढणेच बरे. पाणी निश्चल असावे आणि पेटीवर झाकण असावे, कारण कोवळी पिले जेव्हा हवा घेऊ लागतात तेव्हा गार झुळूकही त्यांना सोसत नाही. लढाऊ मासाही याच रीतीचा. पण त्याचे नर एकमेकांना जिवंत ठेवीत नाहीत, म्हणून त्याच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

जन्म होणे सोपे, जगविणे अवघड. गप्पीची पिले कुस्करलेले कोरडे खाणे घेतात. झेब्रा आणि गौरामीच्या पिलांचे तोंड मात्र त्याहूनही लहान असते. त्यांच्यासाठी धानाच्या या मुलखात आयते साधन आहे. मूठभर स्वच्छ तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटीतल्याच जुन्या पाण्याच्या बरणीत भिजत घालावे. पाणी आधी गढूळ होते, चार-सहा दिवसांनी निवळू लागते, आणि उजेडाकडे धरले असता त्यात धुळीसारखे कण आपल्या मर्जीने हिंडताना दिसतात. तेच त्यांचे पहिले अन्न. दिवसातून दोन-तीनदा चमचा-चमचा द्यावे. आठवड्या-दीड आठवड्याने त्यांना बारीक भुकटी चालते.

यशाबरोबर एक जबाबदारी येते. महिन्याला तीस पिले देणारी एक गप्पी पंचेचाळीस लिटरची पेटी केव्हाच भरून टाकील. म्हणून नर ओळखू येताच, साधारण महिन्याभरात, नर-माद्या वेगळ्या कराव्या, आणि अधिक झालेले मासे शेजाऱ्यांना, शाळेला, दुकानदाराला द्यावे. तलावात, नाल्यात वा वैनगंगेत ते कदापि सोडू नयेत. १९५२ साली मोठ्या हेतूने भारतात आणलेली चिलापी, म्हणजे तिलापिया, उजनीसारख्या जलाशयांत किती माजली, हे मच्छिमारांना विचारावे. आरोग्य खाते गप्पी सोडते ते त्याच्या हिशेबाने. आपली दया मामा तलावावर लादण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्या पाण्यात मरळीची पिले वाढायची, तेथे परक्यांची खोगीरभरती नको.

पिलांना वेगळे न काढता, हायड्रिलाच्या भरवशावर तशीच पेटीत राहू दिली, तर बहुतेक खाल्ली जातात. पण एक-दोन वाचतात. आमच्या पेटीत असाच एक प्लॅटी, तांबूस, नखाएवढा, एका रविवारी जुडीतून बाहेर आला आणि मोठ्यांच्या पंगतीत खाणे टिपू लागला. त्याला कोणी मोजून आणले नव्हते, कोणत्या पिशवीतून तो आला नव्हता. मुलांनी त्याचे नाव ठेवले 'घरचा'.