गाणे ऐकवू नका, गाऊन घ्या

लेखमाला : उतारवय आणि आपण
लेखांक नववा

वृद्धाश्रमातल्या एकटेपणाविषयी आपण गेल्या लेखांकात वाचले. एका खोलीत चार खाटा असतात, जेवणाची पंगत एकत्र बसते, तरी चौघांना एकमेकांशी बोलायला विषय नसतो. ज्याची त्याची मुले वेगळी, गाव वेगळे, दुखणे वेगळे. अशा माणसांना एकत्र आणायचा एक स्वस्त उपाय जगभर अनेक ठिकाणी तपासला गेला आहे. तो म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी मिळून गाणे.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट परगण्यात फोकस्टन हे समुद्रकाठचे गाव आहे. निवृत्तांच्या सहली काढणारी ‘सागा’ कंपनी सिडनी डी हान यांनी याच गावात उभी केली. त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाने चालवले आणि गाण्याचा तब्येतीशी काय संबंध आहे, हा प्रश्न तिथे नेटाने धसास लावला गेला. गाऊन बरे वाटते, हे कुणीही सांगेल. पण गाणाऱ्यांना मुळातच उत्साह जास्त असेल तर? ही शंका फेडण्यासाठी साठीपुढच्या २५८ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली गेली. एका गटाने पूर्व केंटमधल्या पाच ठिकाणी १४ आठवडे, दर आठवड्याला दीड तास एकत्र गायचे. दुसऱ्याने आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवायचा.

२०१५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर गाणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य दुसऱ्या गटापेक्षा कमी होते, मानसिक स्वास्थ्य सरस होते. सहा महिन्यांनी, म्हणजे गाण्याचे वर्ग संपून जवळजवळ तीन महिने झाल्यावर, पुन्हा मोजले तेव्हा मानसिक स्वास्थ्यातला फरक शिल्लक होता, पण निम्म्यावर आला होता. गाणे थांबले की त्याचा गुणही हळूहळू ओसरतो, हा या चाचणीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा.

संस्थेत राहणाऱ्यांचे काय?

केंटमधली ही मंडळी आपापल्या घरी राहणारी, हिंडतीफिरती होती. संस्थेत राहणाऱ्यांचे चित्र वेगळे असते. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य तिथे बरेचदा जोडीने येतात. मेलबर्न इथल्या वृद्धनिवासांमध्ये अशाच ३१८ रहिवाशांवर मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. गटाने नियमित गाणाऱ्यांमधली नैराश्याची लक्षणे कमी झालेली दिसली. औषधांवाचून हा बदल घडणे मोलाचे आहे, कारण या वयात गोळ्यांची संख्या आधीच वाढलेली असते आणि प्रत्येक नव्या गोळीबरोबर झोपाळूपणा, तोल जाणे हे धोके येतात.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस गाईल कसा, असा प्रश्न साहजिक आहे. अनुभव असा की सकाळचा नाश्ता न आठवणारी व्यक्ती तरुणपणीचे गाणे तीन कडव्यांसह म्हणते. लाइपझिगमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की जुनी गाणी ओळखताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांची अल्झायमरमध्ये होणारी झीज इतर भागांच्या मानाने कमी असते. बोलण्याचा रस्ता बंद होत आला तरी गाण्याचा बराच काळ उघडा राहतो. ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीचे ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ हे गायनगट याच जाणिवेवर उभे आहेत. त्यांची सुरुवात २००३ साली न्यूबरी या गावी झाली. तिथे रुग्णाबरोबर त्याची काळजी घेणारी बायको, नवरा किंवा मुलगीही गाते. एरवी औषध-पाणी, अंघोळ, कपडे यांतच अडकलेले नाते तेवढा वेळ बरोबरीचे होते.

मुळात घडते काय?

पहिली गोष्ट श्वासाची. गाताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो. श्वास चटकन घ्यायचा आणि सावकाश सोडायचा, ही लय आपोआप साधते आणि दिवसभर खुर्चीत पोक काढून बसणाऱ्याच्या छातीला व्यायाम होतो. दुसरी गोष्ट ओळखीची. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली. सात महिन्यांत जवळीक सगळीकडेच वाढली, पण गाणाऱ्यांमध्ये ती फार लवकर जुळली. परक्यांना जवळ यायला गप्पा लागतात आणि गप्पांना वेळ लागतो. एकत्र गाताना तो टप्पा ओलांडला जातो. ज्याला नीट ऐकू येत नाही किंवा शब्द सापडत नाहीत, त्याच्यासाठी ही सोय फार मोठी.

मर्यादाही सांगायला हव्यात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ३९० जणांवर झालेल्या चाचणीत एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला; पण बुद्धीची तल्लखी किंवा शारीरिक ताकद यांत फरक पडला नाही. गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे करायचे तर

महाराष्ट्राला हे शिकायला मेलबर्नला जायची गरज नाही. भजनी मंडळात एकाने ओळ धरायची आणि बाकीच्यांनी मागे म्हणायची, ही पद्धत विसराळू माणसाला अचूक सोयीची आहे. शब्द पाठ नसले तरी चालतात, आवाज चांगला असण्याची अट नसते, गाता येत नसेल त्याच्या हाती टाळ असतो. तरीही अनेक वृद्धाश्रमांत घडते ते उलटेच. कुणाच्या तरी वाढदिवसाला बाहेरून वाद्यवृंद येतो, मोठ्या आवाजात गाणी होतात, आजी-आजोबा टाळ्या वाजवतात, फळे वाटली जातात आणि पाहुणे निघून जातात. ऐकण्याचा आनंद खोटा नाही. पण श्वासाचा व्यायाम, जमलेली ओळख आणि ‘हे मी केले’ ही भावना स्वतः गायल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. आठवड्याचा वार आणि वेळ पक्की ठेवा, तासभर पुरे. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, म्हणजे एकमेकांचे तोंड दिसते. गाणी ठळक, मोठ्या अक्षरांत छापून द्या. पट्टी खालची घ्या. वयानुसार आवाजाची वरची झेप कमी होते, मूळ ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीचा हट्ट धरलात तर निम्मे लोक गप्प बसतील. पेटी किंवा एखादा तबला पुरतो. ध्वनिवर्धकाचा दणका श्रवणयंत्र लावणाऱ्याला असह्य होतो.

गाणी निवडताना त्यांचे तारुण्य मोजा. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सर्वांत पक्की बसतात. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाले. तेव्हाचे पंधरा वर्षांचे श्रोते आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. नुसते अभंगच नकोत. कुणाला भावगीत हवे असते, कुणाला हिंदी चित्रपटातले, कुणाला लावणी, कुणाला चर्चमधले. विचारा आणि यादी त्यांनाच करू द्या. ज्याला गायचे नाही त्याला नुसते बसू द्या. गाता गाता कुणाचे डोळे भरले तर गाणे लगेच बंद करू नका. शेजारी जाऊन बसा. आणि आश्रमातल्या मावशी, परिचारिका, मामा यांनाही सोबत गायला बसवा.

या सगळ्याचा खर्च एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा कमीच येईल. लागते ती चिकाटी. तुमच्या ओळखीच्या भजनी मंडळाला किंवा सुगम संगीताच्या वर्गाला एवढेच विचारा : वर्षातून एकदा जाऊन गाण्याऐवजी दर आठवड्याला एक तास तिथल्या मंडळींकडून गाऊन घ्याल का?

(पुढील लेखांक : वृद्धांचे पडणे आणि घरातली काळजी)