टिंब चुकलं आणि ताऱ्याचं नाव बदललं

डिसेंबर-जानेवारीत रात्री क्लासवरून किंवा तालमीवरून घरी जाताना एकदा पूर्वेकडे बघा. एका रेषेत तीन तारे दिसतील. तो मृगाचा बाण. त्याच्या डावीकडे एक तांबूस तारा आहे, शहरातल्या लाइटमध्येही सहज सापडतो. हाच बेटेलज्यूज, आपली आर्द्रा. (आर्द्रा म्हणजे ओली. जूनच्या शेवटी सूर्य या नक्षत्रात असतो, तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो आणि हा तारा मात्र दिसत नाही.)

उच्चारावरून भांडू नका, मूळ नावच चुकीचं उतरवलं गेलंय. अरबीत हा होता 'यद अल-जौझा', म्हणजे जौझाचा हात. जौझा ही त्यांच्या आकाशातली एक आकृती. अरबीत शब्दाच्या सुरुवातीचे 'य' आणि 'ब' दिसायला सारखेच. 'य'खाली दोन टिंबं, 'ब'खाली एक. मध्ययुगात लॅटिनमध्ये उतरवताना एक टिंब हुकलं आणि 'यद'चा 'बद' झाला. पुढच्या विद्वानांना 'बद'चा अर्थ लागेना, मग त्यांनी अंदाज बांधला: ही काख असणार! मराठी पुस्तकांत या ताऱ्याला 'काक्षी'ही म्हणतात. आता त्या नावात काख ऐकू येते का बघा.

तारा मात्र नावापेक्षा भारी आहे. त्याला सूर्याच्या जागी ठेवलं तर पृथ्वीच काय, मंगळही त्याच्या पोटात जाईल. पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेतीन हजार केल्विन; सूर्याचं ५,८०० च्या आसपास. म्हणून हा लाल दिसतो. वय जेमतेम एक कोटी वर्षं, आणि तरी म्हातारा! सूर्य साडेचारशे कोटींचा होऊन मध्यम वयात आहे. जड तारे इंधन उधळतात, त्याचा हा हिशोब.

२०१९ च्या शेवटी तो मंद होऊ लागला, फेब्रुवारी २०२० मध्ये तर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी तेजस्वी उरला. 'फुटणार!' म्हणून सोशल मीडियावर धमाल उडाली. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली होती, आणि ती आपल्या नजरेआड आली होती. फुटणार तो नक्की, पण कदाचित लाखभर वर्षांत. 'आधीच फुटलाय, प्रकाश अजून पोचला नाही' हे रील तुम्हीही पाहिलं असेल. अंतर पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. लाख वर्षांच्या तुलनेत ते किती, हे तुम्हीच ठरवा. मला तरी ती शक्यता फार कमी वाटते.

जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून त्याच्या अगदी जवळ एक छोटा सोबती दिसल्याचं जाहीर झालं. त्याला सुचवलेलं नाव आहे 'सिवार्हा', अरबीत 'तिचं कडं'. म्हणजे या वेळी नाव ठेवणाऱ्यांनी काख सोडून हातच धरला.