वारा फिरला की जागा फिरवावी

मांद्रेसारख्या किनाऱ्यावरच्या गावात वाऱ्याचा दिनक्रम कुणाला शिकवावा लागत नाही. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. ऊन तापलं की तो पडतो, झाडाचं पानही हलत नाही, आणि थोड्या वेळाने समुद्रावरून खारा वारा सुटतो. हे होडीवाल्याला जितकं ठाऊक, तितकंच पूर्वी रानात हरणामागे जाणाऱ्यालाही ठाऊक असे. हरणाच्या शिकारीची निम्मी विद्या वाऱ्याची होती.

भेकर असो, चितळ असो की मेरू, म्हणजे सांबर, त्याचा पहिला विश्वास नाकावर. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर कितीही निश्चल बसा, ते समोर येणार नाही. डोंगरउतारावर वाऱ्याचा आणखी एक फेर असतो. रात्री थंड झालेली हवा पहाटे ओढ्याच्या कडेने खाली उतरते. उतारावर ऊन पडलं की तीच हवा तापून वर चढू लागते. म्हणून पहाटे पायथ्याला धरलेली उत्तम जागा ऊन चढल्यावर कुचकामी ठरते, कारण वास सरळ वर चरणाऱ्या जनावराकडे जातो. जाणता माणूस चिमूटभर राख बोटांतून सोडतो, ती कुठे जाते ते पाहतो आणि वारा पडलेल्या त्या मधल्या वेळात सावकाश वळसा घेऊन जागा बदलतो. तासन्‌तास बसण्याची तयारी आणि वेळेवर उठण्याची तयारी, या दोन्हींना मिळून मी धीर म्हणतो.

हरणाला हालचाल फार लवकर दिसते. लाल-नारिंगी रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे रानात निळी जीन्स घालून जाण्यापेक्षा मातकट कपडे बरे. संशय आलेली चितळाची मादी पाहण्यासारखी असते. ती पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटते. मग मान खाली घालते, जणू चरायला लागली. आपल्याला वाटतं, सुटलो. तेवढ्यात ती झटक्यात मान वर करून थेट आपल्याकडे बघते. घाईचा माणूस नेमका त्या खोट्या चरण्याला फसतो. तिची शेपटी खाली येऊन सैल हलू लागेपर्यंत, कान दुसरीकडे वळेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही.

जागा बदलण्याची कला मराठी मुलखात कुठवर गेली होती, हे कोल्हापुरात दिसतं. शाहू महाराजांच्या काळात तिथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई. चित्ता वेगवान खरा, पण त्याचा दम काहीशे मीटरांचा. तेवढ्या अंतरात कळप आणायचा कसा? डोळ्यांवर टोपी चढवलेल्या चित्त्याला बैलगाडीत बसवत. शेतकऱ्याच्या गाडीला काळवीट बुजत नसे. गाडी कळपाच्या रोखाने कधीच हाकायची नाही, बाजूने जातो आहोत असं दाखवत अंतर कमी करत न्यायची. फासेपारध्यांकडे तर गाडीही नव्हती. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, ती चरेल त्या चालीने ते पुढे सरकत. इतकं बारीक निरीक्षण असलेल्या या माणसांवर इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला आणि तो १९५२ पर्यंत राहिला. रानाची एवढी जाण आपण वाया घालवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्व संपवलं, हे योग्यच झालं. कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान, दाजीपूर, त्याआधीच १९५८ मध्ये अभयारण्य झालं होतं. बंदूक गेली, तरी बसण्याची विद्या टाकून देण्याचं कारण नाही. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेला वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसवतं. गोव्यात काणकोणच्या खोतीगाव अभयारण्यात झाडावरचं मचाण आहे. मचाणावर चढल्यावर जागा बदलता येत नाही, म्हणून वाऱ्याचा विचार चढण्यापूर्वी करायचा. उंचीमुळे वास काहीसा वरून निघून जातो, पण खोकला, मोबाइलचा उजेड आणि वेफर्सच्या पाकिटाचा आवाज खाली पोचतोच.

पेडणे-डिचोलीच्या वाचकांना एक कळकळीची विनंती. आता खरा धोका बंदुकीपेक्षा तारेच्या फासाचा आहे. रानडुकरासाठी काजूच्या बागेत, कुंपणाच्या फटीत लावलेला फास भेकर आणि डुक्कर यांत फरक करत नाही; बिबटेही त्यात अडकून तडफडून मरतात. बोंडू वेचायला जाल तेव्हा वाटेतल्या बारक्या झुडपांच्या बुंध्याकडे नजर टाका. फास दिसला तर जागा लक्षात ठेवा आणि लगेच वनखात्याला कळवा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, गर्दी जमू देऊ नका आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत दुरून थांबा.