विवाहनोंदीतील नाव : दुरुस्ती आणि बदल

विवाहाची नोंद बहुतेक कुटुंबांत एकदा करून कपाटात ठेवली जाते. तिची आठवण होते ती अडचणीच्या प्रसंगी. पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करावयाचा असतो, वारसाहक्क सिद्ध करावयाचा असतो किंवा परदेशी जाण्यासाठी पतिपत्नीचे नाते दाखवावयाचे असते. नेमक्या अशा वेळी प्रमाणपत्रावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही असे आढळून येते. दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याचा भार मग बहुधा एखाद्या विधवेवर येऊन पडतो. अशा अर्जांचा विचार करताना नोंदीतील चूक दुरुस्त करणे आणि नाव बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

प्रथा आणि कायदा

महाराष्ट्रात व्यक्तीचे नाव साधारणपणे तीन भागांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव. विवाहानंतर स्त्रीच्या नावाचे शेवटचे दोन्ही भाग बदलण्याची रूढी आहे. अनेक घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर वधूचे नवे नाव लिहिले जाते आणि तिचे पहिले नावही बदलते. ही प्रथा होय, कायद्याची आज्ञा नव्हे. विवाहानंतर स्त्रीने नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ सांगत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ ही सांगत नाही. माहेरचे नाव कायम ठेवणाऱ्या स्त्रीचा विवाह त्यामुळे यत्किंचितही उणा ठरत नाही.

शासकीय दस्तऐवजांत आईच्या नावाचा समावेश करण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम त्याने ठरविण्यात आला. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र प्रचलित पद्धती चालू ठेवण्यात आली आहे. त्यामुळे विवाहापूर्वीच्या आणि नंतरच्या नावांची सांगड घालण्याचा प्रश्न पुढेही राहणारच आहे.

नोंद कशाचा पुरावा असते ?

राज्यातील विवाहांची नोंद महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये केली जाते. त्यासाठी विवाहाच्या दिनांकापासून नव्वद दिवसांच्या आत विहित नमुन्यातील ज्ञापन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्यांसह निबंधकाकडे सादर करावयाचे असते. सर्व विवाहांची नोंद सक्तीची असावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणी दिला. तथापि, केवळ नोंद झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, हे हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ८ मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. ज्याची मुळीच नोंद नाही तो विवाहही जर टिकतो, तर एका चुकलेल्या अक्षराने विवाह बाधित होत नाही हे उघडच आहे. बाधा येते ती पुराव्याला.

विवाहनोंद ही एका विशिष्ट दिवशी घडलेल्या घटनेची नोंद आहे. त्या दिवशी वधूवरांची जी नावे होती तीच तीत असावयास हवीत. विवाहामुळे धारण केलेले नवे नाव विवाहाच्या क्षणी अस्तित्वात नसते. म्हणून वधूचे विवाहापूर्वीचे पूर्ण नाव नोंदीत शुद्ध असणे सर्वांत महत्त्वाचे होय. शाळेचा दाखला व जन्मनोंद यांना पुढच्या आयुष्याशी जोडणारा तोच दुवा असतो.

चूक दुरुस्त करण्याची रीत

‘सुनंदा’ ऐवजी ‘सुनीता’ लिहिले जाणे, वडिलांच्या ‘रामचंद्र’ या नावाऐवजी घरगुती ‘रामभाऊ’ नोंदले जाणे, ‘लक्ष्मी’ या नावाला ‘बाई’ जोडले जाणे, ही चुकांची नेहमीची उदाहरणे आहेत. मूळ कागदपत्रांत एक आणि नोंदीत दुसरे, असा प्रकार असेल तर तो दुरुस्तीचा विषय होतो.

विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये यासाठी स्पष्ट रीत घालून दिली आहे. विवाह अधिकाऱ्याला चूक आढळून आल्यापासून एक महिन्याच्या आत, विवाहित व्यक्तींच्या समक्ष, ती दुरुस्त करता येते. त्या व्यक्ती हयात किंवा उपस्थित नसतील तर दोन विश्वासार्ह साक्षीदारांच्या समक्ष दुरुस्ती होऊ शकते. हा एक महिना चूक उघडकीस आल्यापासून मोजावयाचा आहे, विवाहापासून नव्हे. त्यामुळे जुन्या विवाहाच्या नोंदीतील चूकही दुरुस्त होऊ शकते. दुरुस्ती समासात करावयाची असते. मूळ नोंदीला हात लावावयाचा नसतो. समासातील नोंदीवर अधिकाऱ्याची स्वाक्षरी व दिनांक आणि उपस्थितांचे साक्षांकन आवश्यक असते. प्रमाणपत्रावरही तशीच नोंद केली जाते.

भारतीय ख्रिश्चन विवाह अधिनियम, १८७२ मध्येही हीच पद्धती आहे. जन्म व मृत्यूच्या नोंदींसाठी १९६९ च्या अधिनियमाचे कलम १५ समासातील दुरुस्तीचेच तत्त्व स्वीकारते. खाडाखोड केलेली नोंदवही संशय निर्माण करते. समासातील दिनांकित दुरुस्ती संशय दूर करते.

नाव बदलल्यास

एखाद्या व्यक्तीने विवाहानंतर स्वेच्छेने नाव बदलले असेल, तर मूळ नोंद चुकीची नव्हती. म्हणून ती दुरुस्त करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावातील बदल प्रसिद्ध करावयाचा असतो. राजपत्राची ती प्रत आणि विवाह प्रमाणपत्र एकत्र ठेवल्यास जुन्या व नव्या नावांचा धागा अखंड राहतो. गोव्यात या विषयासाठी १९९० चा स्वतंत्र अधिनियम आहे. घटस्फोटानंतर माहेरचे नाव पुन्हा धारण करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीतही मूळ विवाहनोंद पुसली जात नाही, कारण विवाह झाला होता ही वस्तुस्थिती कायम राहते.

दुरुस्ती आणि बदल यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव विरुद्ध केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ या प्रकरणी ३ जून २०२१ रोजी विशद केला. तो निर्णय शालेय प्रमाणपत्रांसंबंधीचा होता. नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा अविभाज्य भाग असून संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी त्याचा संबंध आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, बदल नोंदविताना तो कोणत्या दिनांकास नोंदला हे दर्शविण्याची व्यवस्थाही मान्य केली.

कार्यालय, शाळा आणि ग्रामपंचायत

या विषयातील बरेच कष्ट आरंभीच टाळता येण्यासारखे आहेत. शाळेत प्रवेश देताना मुलीचे नाव जन्मनोंदीवरूनच लिहिले जावे. घरच्या हाकेचे नाव दाखल्यात येऊ नये. विवाहाचे ज्ञापन स्वीकारताना वधूवरांची नावे मूळ कागदपत्रांशी अक्षरशः ताडून पाहावीत आणि स्वाक्षरीपूर्वी ती मोठ्याने वाचून दाखवावीत. वाचता न येणाऱ्या पक्षकारांच्या बाबतीत तर हे अगत्याचेच आहे.

चूक दिसून आल्यास जेथे नोंद झाली त्याच कार्यालयात, शाळेचा दाखला, जन्मनोंद आणि मूळ प्रमाणपत्र यांच्या प्रतींसह अर्ज करावा. कार्यालयानेही अर्जदाराला तोंडी नकार देऊन परत पाठवू नये. विवाह नोंदणीचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. ती नाकारावयाची असेल तर कारणे लेखी कळविणे बंधनकारक असून त्यावर अपिलाची तरतूद आहे. नावाविषयी किंवा नात्याविषयी खरोखरच वाद असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ अन्वये न्यायालयाकडून घोषणात्मक हुकूमनामा मिळविण्याचा मार्ग खुला राहतो.

परंतु वाद नसताना केवळ एका अक्षरासाठी कोणा वृद्ध स्त्रीला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. समासातील दोन ओळी, एक स्वाक्षरी आणि एक दिनांक एवढ्याने जे काम होते, ते वेळीच करणे हे नोंदवही सांभाळणाऱ्याचे कर्तव्य होय.