‘सहा महिन्यांनी पर्मनंट’ म्हणजे नक्की काय? एजन्सीमार्फत कंपनीत लागण्याआधी हे वाचा

‘अर्जंट भरती. चाकण एमआयडीसी. आयटीआय, बारावी पास. महिना १८,५०० हातात. राहण्याची सोय. सहा महिन्यांनी कंपनीत पर्मनंट.’ असा मेसेज गावातल्या ग्रुपवर पडला नाही असा आठवडा जात नाही. पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंद्याची पोरं असा मेसेज वाचून बॅग भरतात आणि सुपा, रांजणगाव नाहीतर चाकण गाठतात. त्यात गैर काही नाही, अनेकांची सुरुवात अशीच होते. पण मेसेजमधल्या त्या शेवटच्या ओळीवर घरात गाडीचा हप्ता ठरतो, कधी कधी लग्नाची बोलणीही होतात. म्हणून ती ओळ आधी समजून घेऊ.

कंपन्यांच्या भाषेत याला ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’ म्हणतात. आधी काही महिने कंत्राटावर काम करायचं, कंपनीला माणूस पसंत पडला आणि जागा असली तर ती त्याला स्वतःच्या रोलवर घेते. कंपनीला यात दोन फायदे. माणूस पारखून घेता येतो आणि ऑर्डर कमी झाली तर त्याला थांबवणंही सोपं जातं. कामगाराला फायदा एकच, पण मोठा: एरवी ज्या गेटच्या आत पाऊल पडलं नसतं तिथे काम दाखवायची संधी मिळते.

तुमचा मालक कोण?

गेट कंपनीचं, मशीन कंपनीचं, कामही कंपनीचा सुपरवायझर सांगतो. पण नेमणूक पत्रावर आणि पगाराच्या स्लिपवर नाव असतं एजन्सीचं. कागदावर तुमची मालक ती एजन्सी. कंपनीला कायद्यात ‘मूळ मालक’ किंवा ‘प्रधान मालक’ म्हणतात.

भरती होते ती अशी. कंपनीचा एचआर एजन्सीला सांगतो, सोमवारपासून चाळीस ऑपरेटर पाहिजेत. टीमलीज, क्वेस, अडेको, रँडस्टॅड अशा मोठ्या एजन्सी या धंद्यात आहेत, तसेच चौकात एक गाळा घेऊन बसलेले ठेकेदारही आहेत. बऱ्याचदा काम घेणारा एक, माणसं आणणारा दुसरा आणि गावात मेसेज टाकणारा तिसराच असतो. दर टप्प्यावर बोलण्यात थोडी साखर पडते. कंपनीनं ‘काम चांगलं असेल तर विचार करू’ एवढंच म्हटलेलं असतं. आपल्या मोबाईलवर येईपर्यंत त्याचं ‘सहा महिन्यांनी पर्मनंट’ झालेलं असतं.

पैसे कुठून कुठे जातात

इथे जरा थांबून हिशोब बघू. समजा पगार १५,००० रुपये ठरला आणि पीएफ त्या पूर्ण रकमेवर धरला. तुमच्या पगारातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये जातात. ईएसआयसीचे पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये. हातात येतात १२,८८७. (महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही.)

आता दुसरी बाजू. तुमच्या १५,००० वर मालकाच्या वाट्याचा पीएफ, त्याचा विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये पडतात. ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८. इथेच १७,४३८ झाले. त्यावर बोनस, एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि १८ टक्के जीएसटी लावून एजन्सी कंपनीला बिल देते. काही करारांत कंपनीनं माणूस रोलवर घेतला तर एजन्सीला वेगळी रक्कमही मिळते.

म्हणजे एजन्सीची कमाई कंपनीकडून होते. मग तुमच्याकडून रजिस्ट्रेशनचे पाचशे, मेडिकलचे हजार, गणवेशाचे दीड हजार कशासाठी? जो आधी फोन-पे करायला सांगतो त्याच्यापासून लांब राहा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट ओरिजिनल कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या.

आणि मेसेजमधला तो १८,५०० चा आकडा? पुष्कळदा तो बारा तासांच्या ड्युटीचा असतो. म्हणून विचारताना ‘किती मिळतील’ एवढंच विचारू नका. आठ तासांचे किती आणि ओव्हरटाइमचे किती, हे वेगळं विचारा. कारखान्यात ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुप्पट असायला पाहिजे.

पर्मनंट होणं हा हक्क आहे का?

कडू आहे, पण स्पष्ट सांगतो: एजन्सीच्या कामगाराला आपोआप असा हक्क नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी सुप्रीम कोर्टानं स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात हे सांगितलं. कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत, असं त्या निकालात आहे. कंत्राट नुसतं नावाचं, दिखाऊ असेल तर गोष्ट वेगळी. पण ते कामगार न्यायालयात सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात.

‘२४० दिवस भरले की पर्मनंट’ हे पारावर हमखास ऐकायला मिळतं. ते अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत वर्षानुवर्षे अशी तरतूद होती की, बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करावं. पण ती कंपनीनं स्वतः घेतलेल्या कामगारासाठी. एमआयडीसीत सात महिने झाले की ‘ब्रेक’ का देतात, ते आता लक्षात आलं असेल. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस.

एजन्सीच्या कामगाराची अडचण आणखी वेगळी. कंपनीनं ठेकेदार बदलला की माणूस तोच, मशीन तेच, पण नोकरी कागदावर नवी. आधीची वर्षं नव्या एजन्सीच्या हिशोबात येतीलच असं नाही. म्हणून ‘भाऊ, मी इथं सहा वर्षं आहे’ म्हणणाऱ्याच्या पगाराच्या स्लिपवर तीन वेगवेगळ्या एजन्सींची नावं निघू शकतात.

मग आपल्या हातात काय?

बरंच काही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. तेव्हा ‘आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा’ हे कंपनीचं उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही.

पत्र हातात आलं की ‘कायम’ किंवा ‘रोलवर’ असा शब्द कुठे आहे का ते बघा. नसेल तर तोंडी शब्दाला फक्त आशेची किंमत आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. त्याच कंपनीत आधीपासून असलेल्या गावच्या एखाद्या पोराला गाठा आणि एकच विचारा: गेल्या दोन वर्षांत तुमच्या लाईनवरचे किती जण रोलवर गेले? एजन्सीच्या माणसापेक्षा त्याचं उत्तर खरं असेल.

पीएफ मात्र स्वतः तपासा. बारा आकडी यूएएन नंबर मागून घ्या, तो चालू करा. मग नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजवर येते. उमंग ॲपवर पासबुकही दिसतं. त्यात कंपनीऐवजी एजन्सीचं नाव दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात महिनोन्‌महिने भर नाही, तर मात्र काहीतरी गडबड आहे. एजन्सी बदलली तरी यूएएन तोच द्या. दर ब्रेकला पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून मोकळं होऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, पैसे काढले की मागची वर्षं गेली.

आणि वारसाचं नाव नक्की भरा. पीएफ खातेदार नोकरीत असताना दगावला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. ईएसआयसीचा नंबरही पहिल्याच आठवड्यात मागा. मशीनवर हात सापडला तर उपचार आणि रजेचा पगार त्या नंबरावर मिळतो. अपघात झाल्यावर नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

पगार अडकला, पत्र दिलं नाही, अशी तक्रार असेल तर कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात जायचं. सुप्याच्या कंपनीसाठी अहिल्यानगर, रांजणगाव आणि चाकणसाठी पुणे. पीएफची तक्रार पीएफ कार्यालयाच्या वेबसाइटवर घरबसल्या करता येते. जाताना गेट पास, हजेरीचे फोटो, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक सोबत न्या. गेट पास बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी काढून घेतात, म्हणून त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो पहिल्याच दिवशी काढून घरच्या कोणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा.